दिवसभर घरी कोण असणार?



पाडवा झाला की आपल्या मराठी मंडळाच्या फोनवर एकाच प्रश्नाची रीघ लागते. पुण्याहून, नाशिकहून, बंगळुरूहून, कधी दुबईहून कोणीतरी विचारते, ‘जुलैत टोरांटोला येतोय, मुलांची शाळा सप्टेंबरात सुरू होईल, घर कुठे घ्यावं?’ आपण जुनी मंडळी उत्तर देतो ते बहुतेक वेळा दोनच गोष्टी बघून. भाडे किती आणि आजूबाजूला आपली माणसे किती. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारला पाहिजे असे मला ठामपणे वाटते. त्या घरात दिवसभर कोण असणार आहे?

नोकरीवाला माणूस सकाळी अंधारातच बाहेर पडतो आणि अंधार पडल्यावर परत येतो. वस्ती त्याच्या वाट्याला येते ती शनिवार-रविवारी. बाकीचे पाच दिवस तिथे काढायचे असतात ते अजून काम न मिळालेल्या बायकोला किंवा नवऱ्याला, तान्ह्या मुलाला आणि सुपर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना. या व्हिसावर आई-वडील एका वेळी पाच वर्षे राहू शकतात, म्हणजे पाच हिवाळे. घर मात्र निवडले जाते ते बाहेर जाणाऱ्याच्या सोयीने, बहुधा भारतात बसून, फोटो बघून.

आपल्या मंडळातल्याच एका कुटुंबाची हकीगत त्यांच्या परवानगीने सांगतो. त्यांनी ब्रॅम्प्टनच्या उत्तर टोकाला, नव्या वसाहतीत टाऊनहाऊस घेतले. तीन बेडरूम, गॅरेज, कोरे करकरीत स्वयंपाकघर. एकच गाडी होती, ती नवऱ्याबरोबर मिसिसागाला जायची. दुधासाठी प्लाझा गाठायचा तर सहा पदरी रस्ता ओलांडावा लागे. जानेवारीत एकदा बायको मुलाला स्ट्रोलरमध्ये घालून निघाली. रस्त्यावरचा बर्फ ढकलत जाणारे नांगर नेमके कोपऱ्यावर, जिथे फुटपाथ उतरता होतो तिथेच बर्फाचा ढीग लावून गेले होते. चाके रुतली. सिग्नलवर चालत्या माणसाचे चिन्ह उमटले आणि ती ढिगाशी झटत असतानाच विझलेही. मागे फिरायचे तर तिकडेही तसाच ढीग. अखेर एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात स्ट्रोलर धरून ती तशीच परत आली. त्यानंतर मार्चपर्यंत ती एकटी बाहेर पडली नाही. घर सुंदर होते, शेजारीही वाईट नव्हते. पण ते दिसायचे ते गॅरेजचे दार वर गेले आणि गाडी आत शिरली एवढ्यापुरते.

लीज संपल्यावर ते टोरांटोतल्या थॉर्नक्लिफ पार्कला आले. साठच्या दशकातली उंच इमारत, एक खोली कमी, लिफ्ट अधूनमधून बंद, भाडे जवळपास तेवढेच. पण हीटिंग आणि पाणी भाड्यातच होते आणि शाळा, ग्रंथालय, डॉक्टर, किराणा सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. इथे पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते, त्यावर या इमारती उठल्या. तीन-चार पिढ्यांच्या स्थलांतरितांनी कॅनडातला पहिला संसार इथे मांडला. इमारतींच्या मधोमध आर. व्ही. बर्जेस पार्क आहे. या बागेची अवस्था वाईट होती. तिथल्या बायका, ज्यांतल्या बऱ्याच जणी अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून आलेल्या होत्या, एकत्र आल्या. त्यांनी समिती केली, महापालिकेच्या मागे लागल्या, उन्हाळ्यात दर शुक्रवारी बाजार भरवू लागल्या आणि बागेत चक्क सार्वजनिक तंदूर बांधून घेतला. आमच्या या मैत्रिणीला पहिल्या उन्हाळ्यात त्या तंदूरपाशीच ओळखी मिळाल्या, आणि पुढे त्याच ओळखीतून डे-केअरमधले कामही.

माणसे मनमिळाऊ असणे हा केवळ स्वभावाचा भाग नाही. जिथे माणसे पायी जातायेता एकमेकांना दिसतात, रोज त्याच दुकानात, त्याच बसथांब्यावर भेटतात, तिथे ओळख आपोआप होते. लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात हेच मांडले. १९६८ मध्ये त्या न्यूयॉर्क सोडून टोरांटोला आल्या, ॲनेक्स भागात घर केले आणि तिथल्या वस्त्यांना चिरत जाणाऱ्या स्पॅडायना एक्स्प्रेसवेविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. तो रस्ता १९७१ साली थांबवला गेला. ॲनेक्समध्ये भाड्याने राहणे आज आपल्यातल्या फारच थोड्यांना परवडेल, पण माणसे रोज पायी भेटतात का, ही त्यांची कसोटी कुठल्याही वस्तीला लावता येते.

आता पैशांचे. भाड्याचा आकडा हा परवडण्याचा निम्माच हिशेब आहे. गाडीशिवाय चालत नाही अशा ठिकाणी काही महिन्यांतच दुसरी गाडी येते, आणि इथे गाडीचा विमा पोस्टल कोडप्रमाणे बदलतो. ब्रॅम्प्टनमधले हप्ते प्रांतातल्या सर्वांत महागांपैकी आहेत. भाड्यात वाचवलेले दोनतीनशे डॉलर तिथेच जातात. याउलट, फेब्रुवारी २०२४ पासून ब्रॅम्प्टन, मिसिसागा, यॉर्क किंवा डरहॅमच्या बसमधून टोरांटोच्या टीटीसीत बदलताना दुसऱ्यांदा भाडे पडत नाही, गो ट्रेनला जोडलेला टीटीसीचा प्रवासही फुकट होतो. त्यामुळे घर थेट सबवेवरच हवे असा हट्ट आता नको. किपलिंग सबवे स्टेशनला थेट जाणारी, दर दहा मिनिटांनी सुटणारी बस दारात असेल तरी पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट नव्यांना कोणीच सांगत नाही. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ओंटारिओची भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. जुन्या इमारतीत घरमालकाला दरवर्षी सरकारने ठरवलेल्या टक्क्यांपलीकडे भाडे वाढवायचे तर खास परवानगी लागते. २०२५ साली ही मर्यादा २.५ टक्के होती. नव्या कोऱ्या कॉन्डोत पहिल्या वर्षी भाडे स्वस्त वाटते, दुसऱ्या वर्षी घरमालक हवे तेवढे वाढवू शकतो. ते परवडले नाही तर घर बदलावे लागते. मुलांची शाळा पत्त्यावर ठरते, म्हणजे घर बदलले की बऱ्याचदा शाळाही बदलते. म्हणून मुले असणाऱ्यांनी जुनी इमारत आधी बघावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. झुरळे आणि बंद लिफ्ट यांची चौकशी मात्र तिथल्या भाडेकरूंकडेच करावी, इमारतीच्या ऑफिसात नाही.

बेसमेंटबद्दल थोडक्यात. बेसमेंट म्हणजे वाईटच असे नाही, आपल्यातल्या कितीतरी जणांनी सुरुवात तिथूनच केली आहे. पण ते महापालिकेकडे नोंदलेले आहे का, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट किंवा मोठी खिडकी आहे का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे बघितल्याशिवाय सही करू नये. आगाऊ रक्कम म्हणून घरमालक कायद्याने शेवटच्या महिन्याचे भाडे मागू शकतो. किल्लीची परत मिळणारी अनामत सोडली तर त्यापलीकडे काही नाही. नव्या माणसाची क्रेडिट हिस्टरी नसते म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे मागतात, ते मागण्याचा त्यांना अधिकार नाही. आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय भारतातून एक पैसाही पाठवू नका. पहिला महिना खोली घेऊन राहा, मग शोधा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आपल्यातल्या जुन्या मंडळींशी स्पष्ट बोलायचे आहे. ‘स्कारबरोत नको’, ‘जेन-फिंचच्या बाजूला तर अजिबात नको’, ‘थॉर्नक्लिफ आपल्यासारख्यांसाठी नाही’ ही वाक्ये नव्यांना आपल्याकडूनच ऐकायला मिळतात. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण त्या भागात कित्येक वर्षांत उतरलेलेही नसतात. टोरांटोचे पोलीस शहरातल्या १५८ वस्त्यांची गुन्ह्यांची आकडेवारी सगळ्यांना बघता येईल अशी ठेवतात, ती बघायला पाच मिनिटे लागतात. पण कधीकधी चिंता गुन्ह्यांची नसतेच. तिथे कोण राहतात, कोणत्या धर्माचे, कोणत्या देशाचे, यावरून तो नकार आलेला असतो. आपण स्वतः इथे नव्याने आलो तेव्हा आपल्याविषयीही कोणीतरी असेच बोलले असेल. नव्या कुटुंबाला आपण सल्ल्याबरोबर ही भीतीही देतो, आणि तिच्यापायी ते परवडणारे, गजबजलेले शेजार सोडून लांबच्या रिकाम्या रस्त्यांवर जातात. हे थांबले पाहिजे.

आपली माणसे जवळ असावीत ही इच्छा मला पूर्ण समजते. गणपतीत आरतीला चार घरे असली की मुलांना भाषा टिकवायला बळ मिळते. पण त्यासाठी एकाच गल्लीत राहायला हवे असे नाही. मराठी शाळा रविवारी भरते, मंडळाचे कार्यक्रम महिन्या-दोन महिन्यांनी होतात. तिथे गाडीने जाता येते, कोणी ना कोणी घेऊनही जाते. मंगळवारी दुपारी ताप आलेल्या मुलाला घेऊन क्लिनिकला जायचे असते तेव्हा मात्र शेजारी कोण राहते यालाच महत्त्व असते, मग ती बाई पश्तो बोलणारी असो की तमीळ.

कार्यकारिणीने यंदा एक काम हाती घ्यायचे ठरवले आहे. आपल्या सभासदांपैकी जे कुक्सव्हिल, माल्टन, डॉन मिल्स, स्कारबरो, मार्कहॅम अशा भागांत राहतात, त्यांनी आपली नावे द्यावीत. नवे कुटुंब घर बघायला आले की आपल्यापैकी एकाने त्यांना तो भाग पायी फिरवून दाखवायचा. बसथांब्यापासून घरापर्यंत, घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून किराण्याच्या दुकानापर्यंत. जे अजून भारतात आहेत त्यांच्या वतीने घर प्रत्यक्ष बघून यायचे आणि खिडकी, अलार्म, लिफ्ट यांविषयी खरे ते सांगायचे. ज्यांच्याकडे हिवाळ्यातले आपल्या रस्त्याचे फोटो आहेत त्यांनी तेही पाठवावेत, कारण जाहिरातीतले सगळे फोटो जूनमधले असतात.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी टोरांटोत जेन जेकब्स यांच्या नावाने वस्त्यांतून पायी फेऱ्या निघतात, २००७ पासून हा प्रघात आहे. त्याच शनिवारी आपली पहिली फेरी थॉर्नक्लिफ पार्कला काढू. सकाळी दहा वाजता ग्रंथालयाच्या दाराशी भेटायचे. गाडी घरी ठेवून बसने या आणि मुलांना घेऊन या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना टीटीसीचे तिकीट पडत नाही.

– संपादक