वार्तापत्राची लांबी कोणी ठरवायची?

सामाजिक संस्थांच्या बैठकीत ई-मेल वार्तापत्राचा विषय निघाला की चर्चा हमखास एका प्रश्नाशी येऊन अडते : किती शब्दांचे असावे? काही जण म्हणतात, लोक आता वाचत नाहीत, दोनशे शब्दांत आटपा. बाकीचे म्हणतात, वर्षभर राबून एवढे काम केले, ते सगळे लोकांपर्यंत जायला नको का? आमच्या गटाचे मराठी-इंग्रजी वार्तापत्र काही वर्षे मी तयार करते आहे. या दोन्ही बाजूंची एक गोष्ट मला खटकते. पहिल्यांना वाचक आळशी वाटतो, दुसऱ्यांना तो अहवाल तपासणारा अधिकारी वाटतो. वाचून झाल्यावर वाचकाने काय करायचे आहे, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते लांबी त्यावरच ठरते.

मतदार यादीचे उदाहरण घेऊ. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की दावे आणि हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. नवे नाव नोंदवायचे तर नमुना ६ भरायचा. नावातली चूक सुधारायची किंवा पत्ता बदलायचा तर नमुना ८. आपल्या नावांच्या बाबतीत ही दुरुस्ती नेहमीची आहे. एका कागदावर ‘रुखसाना’, दुसऱ्यावर ‘रुक्साना’; कुठे आडनाव आधी, कुठे आडनावच नाही. ही सूचना द्यायला किती मजकूर लागतो? यादीत नाव कसे पाहायचे, कोणता नमुना भरायचा, शेवटची तारीख कोणती, अडले तर कोणाला फोन करायचा. चार ओळी पुरतात.

पण अनेक संस्थांच्या वार्तापत्रांत मी या चार ओळी पाचव्या क्रमांकावर पाहिल्या आहेत. आधी अध्यक्षांचे मनोगत, मग मेळाव्याची छायाचित्रे, मग पुरस्कार मिळालेल्यांचे अभिनंदन, मग पुस्तक प्रकाशन. फोनवर वाचणाऱ्याचे बोट तिथवर पोहोचत नाही. मुदत टळते आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेल्यावर कळते की यादीत नाव नाही. त्या दिवशी काही करता येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांचेही असेच होते. माहिती पाठवली होती, असे संस्था म्हणू शकते. पण ती पोहोचली नव्हती.

म्हणजे सगळेच छोटे करावे का? नाही. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. दोन ओळींत बसवायचे म्हणून कोणी ‘मुस्लिम महिलांना पोटगीचा हक्क मिळाला’ एवढेच लिहिले, तर वाचणारीला वाटेल की तोवर तिला काहीच नव्हते. प्रत्यक्षात १९८५च्या शाहबानो निकालाने हेच कलम मान्य केले होते. १९८६चा कायदा त्यानंतर आला. २००१च्या दानियाल लतीफी निकालाने त्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की पतीची जबाबदारी इद्दतीच्या काळापुरती मर्यादित नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली आणि कलम १२५च्या जागी आता कलम १४४ आहे. ही साखळी सांगितली नाही, तर एखादी बहीण न्यायालयाची पायरी चढण्याआधीच चुकीच्या सल्ल्याने परत फिरेल. इथे हजार-बाराशे शब्द लागतात आणि ते द्यायला हवेत. ज्याला गरज आहे तो ते वाचतो, जपून ठेवतो, दुसऱ्याला पाठवतो.

म्हणून माझा आग्रह असा : कृतीची सूचना आणि समजून घेण्याचा लेख एका पत्रात कोंबू नका. सूचना दीडशे शब्दांत, स्वतंत्र, तारीख पहिल्याच ओळीत. महिन्याचे वार्तापत्र चारशे-पाचशे शब्दांचे, तीन बातम्यांपुरते. जास्त हवे असेल त्याला पूर्ण लेखाचा दुवा. आणि खरोखर मोठा विषय असेल तर त्याचे वेगळे पत्र, एकाच विषयाचे, लागेल तेवढे लांब. पाठवण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. अनेक घरांत एक मुलगी फोनवर वाचते आणि आई, आजी ऐकतात. वाचताना आपल्यालाच दम लागला तर ऐकणाऱ्यांचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दोन भाषांत काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ते मराठी-इंग्रजीतच. कागदावर दोन भाषांचे स्तंभ शेजारी-शेजारी होते. ज्याला जे वाचायचे त्याच्याकडे डोळा वळत असे. फोनच्या अरुंद पडद्यावर मात्र दोन स्तंभ एकाखाली एक येतात. इंग्रजी वर ठेवले तर मराठी वाचकाला आधी न कळणारी अख्खी भाषा ओलांडावी लागते. मराठी वर ठेवले तर तोच त्रास दुसऱ्याला.

यात तंत्राचीही भर पडते. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशा अर्थाची बारीक ओळ दाखवते. ‘मतदार’ लिहायला संगणक पाच चिन्हे मोजतो आणि त्यांना पंधरा बाइट लागतात; इंग्रजीतल्या ‘व्होटर’ची अक्षरेही पाचच, पण बाइट पाच. नुसता मजकूर सहसा ही मर्यादा ओलांडत नाही. पण सजावटीचा साचा, वर्डमधून चिकटवताना सोबत आलेला अदृश्य कचरा आणि दोन भाषा एकत्र झाल्या की पत्र फुगते. कापले जाते ते शेवटचे : बहुधा दुसरी भाषा आणि नाव कमी करण्याचा दुवा. उपाय सोपा आहे. नाव नोंदवतानाच वाचकाला भाषा विचारा आणि त्या भाषेतलेच पत्र पाठवा. काम थोडे वाढते, पण प्रत्येकाचे पत्र निम्मे होते.

यावर कोणी म्हणेल, अशाने पत्रांची संख्या वाढेल आणि लोक कंटाळतील. हा आक्षेप खरा आहे. म्हणून स्वतंत्र सूचना तेव्हाच पाठवावी, जेव्हा तिच्यात तारीख आहे आणि ती चुकली तर वाचकाचे नुकसान आहे. सभेचे वृत्त, सत्कार, शुभेच्छा यांसाठी महिन्याचे वार्तापत्र पुरेसे आहे. नकोसे झाले तर एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय हवी आणि ती लपवलेली नसावी.

लांबी बरोबर जमली का, हे कसे ओळखायचे? ‘इतक्या जणांनी उघडले’ या आकड्यावर विसंबू नये. २०२१मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय दिली; ती सुरू असेल तर पत्रातली चित्रे आधीच उतरवली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. त्यापेक्षा नमुना ८ बद्दल किती फोन आले, किती जणांनी उत्तर लिहिले, लेखाची पूर्ण प्रत कोणी मागितली, हे मोजावे. आकडे लहान येतील, पण खरे असतील.

संस्थेत याला विरोध वाचकांकडून होत नाही, आपल्यातूनच होतो. प्रत्येक शाखेला आपला कार्यक्रम पहिल्या पानावर हवा असतो आणि मनोगत लहान करा असे अध्यक्षांना सांगायला कोणी धजत नाही. ते सांगावे लागेल. मुदतीची तारीख फोनच्या पहिल्या पडद्यावर आणायची, तर जागा तिथूनच निघणार आहे.