भरती येईपर्यंत

भाचीने मागच्या महिन्यात नेदरलँड्समधून फोटो पाठवले. कंपनीच्या सुट्टीत नदीवरच्या क्रूझने ती डॉर्ड्रेख्तला उतरली होती. जुने बंदर, पाण्यातून वर आलेली घरे, किंचित कललेला चर्चचा बुरूज. या गावाला 1220 मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि 1421 च्या पुराने त्याचे बेट झाले, असे तिने कौतुकाने लिहिले होते. आमची नववीतली लेक फोटो पाहून म्हणाली, "अम्मी, आपल्या गावात दाखवण्यासारखं आहेच काय? लोकल आणि खड्डे!"

इतिहास शिकवते मी, म्हणून ते जास्तच लागले.

पुढच्या रविवारी डोंबिवलीच्या मोठागाव बंदरावरून ओळखीच्या एका कोळ्याची होडी ठरवली. सासूबाईही निघाल्या. त्यांचे माहेर खाडीपलीकडचे, भिवंडीकडचे. लग्नानंतर माहेरी जाणे-येणे याच बंदरावरून, होडीने. "शहर बघायला होडीत बसायचे पैसे देतात होय गोरे लोक?" एवढे म्हणून त्यांनी पिशवीत चपात्या आणि लोणचे भरले. होडीवाल्याने सांगितलेल्या वेळेला पाणी नव्हते. भरती चढेपर्यंत तासभर चिखलाकडे पाहत बसलो. लेकीने तीनदा घड्याळ पाहिले.

भरतीबरोबर कल्याणकडे निघालो. डोक्यावर माणकोलीचा पूल. 2024 मध्ये तो सुरू झाला आणि पलीकडे जायला काही मिनिटे पुरू लागली. डावीकडे भिवंडीची किनार, उजवीकडे इमारती. पाण्याला वास येतो, हे लपवून काय उपयोग? उल्हासनगरातून येणारी वालधुनी याच खाडीला मिळते. याच उल्हासचे पाणी वरच्या बाजूला नळासाठी उचलतो, आणि खाली तिला असे परत करतो. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आम्ही या पाण्यात हात घालायचो गं."

लेकीला मी सांगत होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे आले आहे. तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात, असे त्यात लिहिले आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. सहाव्या शतकातला कॉस्मस इथून पितळ, काळे लाकूड आणि कापड जात असल्याचे नोंदवतो. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि याच भागात आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. मुघलांनी याच गावाला इस्लामाबाद नाव दिले होते. हे ऐकून तिने मान वर केली.

"मग जहाजं गेली कुठे?" असे तिने विचारले. खाडी गाळाने उथळ झाली, आणि 1 मे 1854 रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली, एवढे सांगितले. वर्गात मी हे दोन ओळींत संपवते. इथे मात्र होडीवाला गाळात काठी रोवून खोली पाहत होता, त्यामुळे जास्त बोलावे लागले नाही.

दुर्गाडीच्या वळणावर रेतीबंदराशी उतरलो. दूधनाक्याच्या गल्ल्यांत कोकणी मुस्लिमांची काही जुनी घरे अजून उभी आहेत. लाकडी जिने झिजलेत, बऱ्याच जागी टॉवर आलेत. शेणाळे तलावाजवळ काळ्या दगडाची काळी मशीद पाहिली. मुघल अंमलदार मोतबरखानाची कबर कुठे ते सासूबाईंनी दाखवले. त्या लहानपणी तिथे लपाछपी खेळायच्या. लेकीने फोटो काढले ते मात्र जिन्यांचे आणि दाराच्या कड्यांचे.

परतीला ओहोटी लागली होती. आम्ही रिक्षाने आलो.

रात्री लेकीने खाडीचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने भाचीचा प्रश्न आला, "ही कुठली नदी?" सासूबाई चष्मा शोधत म्हणाल्या, "लिही, उल्हास. आणि विचार तिला, तिकडे भरतीची वाट पाहावी लागते का?"