कोटीची गाडी आणि तीन कागद

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात तेथून येणाऱ्या मोटारींवरील शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयातशुल्क ठरावीक कोट्यापुरते दहा टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे ठरले. तेव्हापासून विदेशी गाड्या आवाक्यात येणार, ही चर्चा गोव्यातही रंगते आहे. चर्चा किमतीची होते, खर्चाची होत नाही. त्यातही केवळ वेगासाठी घेतलेली आणि घेतल्यावर आणखी वेगवान करून घेतलेली गाडी असेल, तर किंमत आणि खर्च यांतील अंतर मालकाला फार उशिरा उमगते.

आधी किंमतच पाहू. बंदरात उतरताना ४० हजार डॉलरहून अधिक मूल्य असलेल्या तयार मोटारीवर सध्या प्रत्यक्षात ११० टक्के शुल्क पडते. मूल्य ४० लाख रुपये धरले तर शुल्क ४४ लाख. या ८४ लाखांवर मोठ्या गाड्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३३ लाख ६० हजार. विक्रेत्याचा नफा, रस्ता कर आणि विमा यांच्या आधीच आकडा १ कोटी १७ लाखांवर जातो. हा भाग मात्र उघड आहे, पावतीवर छापलेला आहे. त्याला छुपा खर्च म्हणता येणार नाही.

छुपा खर्च सुरू होतो तो ‘रीमॅप’पासून. उदाहरण म्हणून मे २०२५ मध्ये भारतात आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घेऊ. ५३ लाखांच्या घरातील ही गाडी पूर्णतः आयात केलेली. पहिल्या खेपेला जेमतेम दीडशे गाड्या. २६५ अश्वशक्ती सर्वसामान्य चालकाला पुरून उरेल. तरीही हौशी मालकाला ती अपुरी वाटते. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात नवी प्रणाली भरली की टर्बोचा दाब वाढतो, इंधन आणि ठिणगीची वेळ बदलते आणि शक्ती लक्षणीय वाढते. काम लॅपटॉपवर होते, स्क्रूही काढावा लागत नाही. म्हणून ते स्वस्त वाटते.

वाढलेल्या शक्तीबरोबर उष्णता वाढते. मग हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा हवा. गिअरबॉक्समधील क्लच मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. ते घसरू लागतात. गाडी अधिक वेगाने पळते म्हणून ब्रेक बदलायचे, ब्रेक बदलले म्हणून चाके, चाके बदलली म्हणून टायर. तेल लवकर बदलायचे, प्लग लवकर बदलायचे. बहुतेक सुटे भाग परदेशातून येणार; त्यांवर आयातशुल्क, शिवाय जीएसटी. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही, कारण कोंबडीही चार आण्यांची नाही! इंधनाचाही प्रश्न आहेच. आपल्या पंपांवरील साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. युरोपातील उच्च ऑक्टेन पेट्रोल गृहीत धरून केलेली रचना येथे चालवायची तर शंभर ऑक्टेनचे पेट्रोल शोधत फिरावे लागते. ते मोजक्या पंपांवर मिळते आणि बरेच महाग पडते.

हा सारा पैशाचा हिशेब झाला. ऐपत असलेला माणूस तो भागवेलही. खरी जोखीम वेगळीच आहे. कोणतीही गाडी तीन कागदांच्या आधारावर रस्त्यावर असते : उत्पादकाची हमी, वाहतूक खात्याची नोंदणी आणि विम्याची पॉलिसी. मोठे फेरफार केलेली गाडी या तिन्ही कागदांतून एकाच वेळी बाहेर पडते, आणि मालकाला बहुधा त्याची जाणीवही नसते.

हमीचे उत्तर सोपे आहे. संगणकातील बदल कंपनीच्या कार्यशाळेला कळतात. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ अशी खूण पडते आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स बिघडल्यास हमी नाकारण्याचा मार्ग मोकळा होतो. जुनी प्रणाली पुन्हा भरली तरी ती खूण आपोआप पुसली जात नाही.

नोंदणीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्णकर्कश सायलेन्सरसाठी वेगळे कलम आहे. त्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र. रात्रपाळी आटोपून मांडवीचा पूल ओलांडताना प्रस्तुत लेखकाला हे कलम अनेकदा आठवते. कोट्यधीशाला पाच हजारांचा दंड म्हणजे एका संध्याकाळचे जेवण, हेही खरे. त्यामुळे दंडाची भीती कोणी बाळगत नाही.

भीती बाळगावी ती विम्याची. न कळविलेले फेरफार अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आले की स्वतःच्या गाडीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. लाखो रुपयांचे वाढीव भाग तर घोषित केलेले नसतील तर विमामूल्यात धरलेलेच नसतात. यापुढची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला किंवा कोणी कायमचा पंगू झाला, तर भरपाईला कायद्याने वरची मर्यादा नाही. पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाला तर ‘आधी विमा कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असे आदेश न्यायालयांनी अनेक प्रकरणांत दिले आहेत. म्हणजे लॅपटॉपवर अर्ध्या तासात झालेल्या कामाचे बिल काही वर्षांनी घर किंवा जमीन विकून फेडण्याची वेळ येऊ शकते. पीडिताच्या कुटुंबाचे नुकसान तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. बाणस्तारी पुलावर ६ ऑगस्ट २०२३ रोजी आलिशान गाडीच्या धडकेत तिघांचा जीव गेला. तेथे चर्चा फेरफारांची नव्हती. पण अशा गाड्यांच्या खर्चातील किती वाटा अनोळखी माणसांच्या माथी येतो, हे गोव्याने त्या रात्री पाहिले.

जुन्या जपानी गाड्यांच्या मोहात पडणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या हाताला स्टिअरिंग असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असे नियम आहेत. नव्वदच्या दशकातली स्कायलाइन कोणी ‘कागदांसह’ विकत असेल, तर ते कागद काय आहेत हे पैसे देण्याआधी तपासावे. भूतानमार्गे आलेल्या गाड्यांविरुद्ध सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात छापे घातले, तेव्हा गाड्या त्या वेळच्या मालकांच्या दारातून उचलल्या गेल्या.

आणि कागदांकडे होणारे दुर्लक्ष काही जुन्या गाड्यांपुरते नाही. पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ रोजी दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणारी पोर्शे कोट्यवधींची, आयात केलेली होती. तिची कायम नोंदणी दोन महिने रखडली होती. भरायचे राहिलेले शुल्क होते १,७५८ रुपये.