सणापुरता सलोखा नको

प्रवरेकाठच्या आमच्या बेलापुरात सण जवळ आले की शांतता समितीची बैठक आठवते. सर्व पक्षांचे पुढारी शेजारी बसतात, चहा होतो, पांगतात. पुढे मोबाईलवर एखादी अफवा आली की ती आम्हाला वर्गातल्या बाकांवर दिसते : कालचे दोन दोस्त वेगळे बसलेले असतात.

पक्ष वेगळे असले तरी एकमत होऊ शकते. 2024 मध्ये ईद-ए-मिलाद 16 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 17 ला आली. मुंबईच्या मुस्लिमांनी जुलूस 18 ला ठेवला. सुट्टीही त्याच दिवशी द्यावी, असे विरोधी काँग्रेसचे नसीम खान यांनी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना लिहिले. मुंबई शहर व उपनगरासाठी सरकारने ते मान्य केले.

भिवंडीचा धडा याहून मोठा. 1984 च्या दंगलीनंतर, 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे वर्षभर भेटत राहिली. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपण एकच विचारू या : सण नसताना बैठक कधी घेणार? तारीख ठरली की घरातल्या बायामाणसांसह आपणही जाऊ.