लोकापवाद आणि अपत्यप्राप्ती

एच.आय.व्ही. या विषाणूची बाधा झालेल्या दांपत्याने मूल होऊ द्यावे काय, हा प्रश्न एके काळी वैद्यकाचा होता. आज तो बहुतांशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेला आहे, असे आमचे मत आहे.

वैद्यकापुरते उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. काहीच उपचार न झाल्यास बाधित मातेपासून शंभरांपैकी १५ ते ४५ बालकांना बाधा पोहोचते; औषधे वेळेवर व नियमित घेतल्यास हे प्रमाण ५ च्या खाली येते. चाचणीत आढळू नयेत इतके विषाणू रक्तात घटले व तसेच राहिले, तर पतीकडून पत्नीला वा पत्नीकडून पतीला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. सरकारने २००४ सालापासून ही औषधे विनामूल्य दिली आहेत. बंगळुरात ती बोअरिंग रुग्णालयासारख्या ठिकाणी मिळतात.

मग अडते कोठे? नोकरीनिमित्त बंगळुरात राहिलेल्या एखाद्या मराठी दांपत्याची कल्पना करा. लग्नाला चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, म्हणून सासरी बोलणी. खरे कारण सांगावे, तर त्याहून वाईट बोलणी. संशय येऊ नये म्हणून कोणी डॉक्टरांना न विचारताच घाई करतात. कोणी मुलाची ओढ असूनही ती इच्छा मारतात. कारण पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे आणि तेथे गोळ्या लपणार कशा? दोन्ही निर्णय भीतीने घेतलेले. त्यातही पाहुणे घरात असले की गोळी चुकते, ती वारंवार चुकली की विषाणू पुन्हा वाढतो. लोकांची कुजबुज अशा रीतीने गर्भापर्यंत जाऊन पोहोचते!

सुशिक्षितही येथे निर्दोष नाहीत. ‘तुम्हाला मूल कशाला हवे?’ हे वाक्य पांढऱ्या कोटातूनही ऐकू येते. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे; गर्भवती बाधित स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही. परंतु संमतीस अर्थ येतो तो पुरेशी माहिती मिळाल्यावर. म्हणून गर्भधारणेचा विषय डॉक्टरांनी आपण होऊन, दोघांना एकत्र बसवून काढावा. रुग्ण विचारील तेव्हा सांगू, हे धोरण आम्हांस मान्य नाही; तो सहसा विचारीत नाही.

मूल झाल्यावरही अंतिम तपासणीसाठी दीड वर्ष थांबावे लागते. तोवर बारसे होते, उष्टावण होते, आणि दर तपासणीच्या दिवशी शेजारीण दारात विचारते, ‘बाळाला घेऊन आज कोठे निघालात?’