डॅक बदलून गाणं बदलत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा एका माणसाशी नाही, एका सवयीशी. आपल्यातल्या ज्याच्या घरी बरा अँप्लिफायर आणि दोन बरे स्पीकर येतात, त्याला साधारण सहा महिन्यांत एक खाज सुटते. डॅक अपग्रेड करायची. डॅक म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. फाइलमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप आणि तिच्याभोवतीचा डबा. आधी दहा हजारांचा, मग पस्तीसचा, मग "एकदाच घेतो पण चांगला घेतो" म्हणून लाखाच्या घरातला. आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य: "अरे, पडदा बाजूला सारल्यासारखं वाटलं!" इतके पडदे होते कुठे, हे कुणी विचारत नाही.

गंमत बघा. हीच मंडळी सोमवार ते शुक्रवार ऑफिसात काय करतात? नवा पोरगा येऊन म्हणाला की मी हे फंक्शन पुन्हा लिहिलं, आता अ‍ॅप फास्ट वाटतंय, तर आपण पहिला प्रश्न विचारतो, "वाटतंय म्हणजे? प्रोफायलर चालवलास का?" बटणाचा रंग बदलायचा तरी ए-बी टेस्ट मागतो. आणि शनिवारी सकाळी हाच माणूस यूट्यूबवर कुणीतरी डोळे मिटून मान डोलावताना बघतो आणि अर्धा पगार कार्टमध्ये टाकतो. मला राग डॅकचा नाही, या दुटप्पीपणाचा आहे.

तर चला, प्रोफायलर चालवूया.

अ‍ॅपलची कानाच्या बोंडाएवढी यूएसबी-सी ते हेडफोन डोंगल येते. अमेरिकेत नऊ डॉलरला. तिच्या मोजमापात गोंगाट आणि विकृती मिळून मूळ सिग्नलपेक्षा सुमारे ९९ डेसिबल खाली निघाली आहे. म्हणजे साधारण लाखात एक भाग चूक. आता साखळीत पुढे चला. घरगुती स्पीकर मोठ्या आवाजात खालचा बेस वाजवताना एक टक्का विकृती सहज करतो. म्हणजे शंभरात एक भाग. एकीकडे लाखात एक, दुसरीकडे शंभरात एक, आणि आपण पैसे कुठे ओततोय? लाखात एकचं दहा लाखांत एक करायला!

त्याच्याही पुढची कडी म्हणजे तुमची खोली. टू-बीएचकेचा हॉल किंवा बेडरूम धरा, १२ बाय १० फूट. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा. १२ फुटांच्या दिशेला पहिला अनुनाद येतो ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या दिशेला ५६ ला, आणि मग त्यांच्या पटीत. या ठिकाणी खालचे सूर दहा-दहा डेसिबलनी फुगतात किंवा गायब होतात. डग्ग्याचा घुमारा सोफ्याच्या एका टोकाला ढगांच्या गडगडाटासारखा आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा येतो, तो यामुळे. वरून गुळगुळीत टाइल्स, मोठी काच, उघड्या भिंती. टाळी वाजवा, खोली उत्तर देते की नाही बघा. हे कुठलाही डॅक दुरुस्त करत नाही. करूच शकत नाही, कारण तो गुन्हा घडायच्या आधीच घटनास्थळावरून निघून गेलेला असतो.

आता ठरलेले आक्षेप येतील. एकेक घेऊ.

"पण हाय-रेझ? २४ बिट?" सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पंखा चालू असलेल्या आपल्या खोलीत मुळात ४० डेसिबलचा आवाज असतोच. त्याच्या वर ९६ म्हणजे १३६. तिथे संगीत संपतं आणि कानाच्या डॉक्टरचं काम सुरू होतं. म्हणजे सीडीचे १६ बिटसुद्धा तुमच्या घरात पूर्ण वापरले जात नाहीत. आणि हे गणित काही नवीन नाही. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये तर चिप १४ बिटांचीच होती. चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून इंजिनिअर लोकांनी तिच्याकडून १६ बिटांचं काम काढलं. चाळीस वर्षांपूर्वी!

"पण फरक ऐकू येतो!" २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझ आवाज तसाच ऐकवायचा, किंवा मध्येच सीडीच्या १६ बिटांतून काढून ऐकवायचा. कुठला कोणता ते ओळखा. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, प्रशिक्षित कानांची त्याहून जास्त. म्हणजे फरक शून्य नाही, पण पन्नासच्या जागी बावन्न. याला पडदा बाजूला सारणं म्हणत नाहीत. आणि हासुद्धा फॉरमॅटचा फरक. दोन बऱ्या डॅकमधला त्याहून बारीक.

"मग मला घरी बदल जाणवला तो काय भ्रम?" नाही, बहुतेक वेळा तो खराच असतो. फक्त कारण वेगळं असतं. लॅपटॉपच्या किंवा डोंगलच्या हेडफोन आउटपुटला साधारण १ व्होल्ट मिळतो, टेबलावरच्या डॅकला २ व्होल्ट. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त आवाज. आपल्या कानांना थोडा मोठा आवाज "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. जास्त स्पष्ट, जास्त भरीव. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. त्यात खर्च केलेले पैसे स्वतःहून मधुर वाजतात ते निराळंच.

"जिटर!" हा शब्द तर भूत दाखवायला वापरतात. घड्याळ्याच्या ठोक्यातली चूक म्हणजे जिटर. जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलं, तर संगीतातला रँडम जिटर काही शे नॅनोसेकंद होईपर्यंत ऐकणाऱ्यांना कळला नाही. साध्यासुध्या डॅकचा जिटर त्याच्या कितीतरी खाली असतो.

"अमुक चिपचा आवाज मखमली!" जपानच्या एकेएम कंपनीने आपल्या चिपांना "व्हेल्व्हेट साउंड" असं नावच दिलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका इथला त्यांचा कारखाना जळाला आणि बऱ्याच डॅकवाल्यांना घाईघाईने ईएसएसच्या चिपा बसवाव्या लागल्या. मखमल संपली, धंदा चालू राहिला. यातून जे समजायचं ते समजा.

बरं, आता जरा वेगळ्या वाटेने येतो. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात चिखला नावाचं गाव आहे. तिथे मॉइलची जमिनीखालची मँगनीज खाण आहे. त्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाण. या भागातलं बरंचसं मँगनीज पोलादाकडे जातं, पण डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज डायऑक्साइडला सेलवाल्यांकडे मागणी असते. साध्या टॉर्च-रेडिओच्या सेलमध्ये जी काळी पूड निघते ना, ती हीच. ज्या काळात अर्ध्या महाराष्ट्राने खळ्यात, ओट्यावर, गोठ्यात ट्रान्झिस्टर लावून गाणी ऐकली, तो सगळा काळ मँगनीजवर चालला. आणि तुमच्या चकचकीत डॅकमध्येही ते आहेच. डब्याच्या पोलादी पत्र्यात आहे, चार्जरसारख्या पॉवर सप्लायमधल्या फेराइटमध्ये असतं, टँटलम कपॅसिटर असतील तर बहुतेकांत मँगनीज डायऑक्साइडचा थर असतो. ते चिखल्याचंच असेल असं मी म्हणत नाही. पण कुठल्यातरी चिखल्याचं नक्की असतं.

हे कशाला सांगतोय? कारण अपग्रेड हा शब्द आपण असा वापरतो जणू सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आहे, डाउनलोड केलं की झालं. हार्डवेअर तसं नसतं. ते जमिनीखालून येतं, आणि माणसं खाली उतरून ते वर आणतात. जानेवारी २०२५ मध्ये चिखल्याच्या खाणीत छत कोसळून दोन कामगार दगावले. त्या मृत्यूंचा तुमच्या कार्टशी थेट संबंध जोडण्याइतका मी बेजबाबदार नाही. पण वस्तूला वजन असतं, एवढं तरी लक्षात ठेवू. ज्याने गरज भागते ते जरूर घ्या. पण डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर जो फरक सापडत नाही, त्यासाठी चालता डबा ड्रॉवरमध्ये टाकून दुसरा आणायचा, याला शौक म्हणू नका. उधळपट्टी म्हणा.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. तुम्ही त्या डॅकवर ऐकता काय? आपल्यातले निम्मे तरी जुनं मराठी आणि जुनं शास्त्रीय ऐकतात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गेलं, ५६ गाणी. त्या काळातला मोनो आवाज. त्याच्या आधीच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड्स घ्या. तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचा, आणि १९२५ च्या आधीच्या असतील तर मायक्रोफोनसुद्धा नाही, भोंग्यात तोंड घालून गायचं. या रेकॉर्ड्सचा कस ठरतो तो डिजिटल करताना. तबकडी धुतली का, सुई योग्य जाडीची होती का, आणि वेग बरोबर होता का. त्या काळच्या सगळ्या तबकड्या काही नेमक्या ७८ नेच कापलेल्या नव्हत्या. ७८ च्या जागी ७९ ने फिरवली तर सगळं गाणं २२ सेंट वर चढतं. म्हणजे जवळपास एक प्रमाणश्रुती! तंबोराही बरोबरच चढतो म्हणून राग मोडत नाही, पण गायकाची पट्टी बदलते, गळा बदलतो, लय बदलते. एका आरपीएमच्या चुकीने एवढं होतं. लाखाचा डॅक ती चूक अगदी इमानेइतबारे ऐकवतो, बस.

हे काम नीट व्हावं म्हणून धडपडणारी माणसं आहेत. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी केली. आपल्याला डॅक चिपांचे मॉडेल नंबर पाठ, आणि ही नावं माहीत नाहीत. खरी लाज वाटायला हवी ती इथे.

आता "मग डॅक कधीच घ्यायचा नाही का" असं विचाराल. घ्या की! फोनला जॅकच नसेल तर घ्या. लॅपटॉपमधून माउस हलवला की चिरचिर येत असेल तर घ्या. टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट अँपला द्यायचा असेल तर घ्या. पाच हजारांच्या आत बहुतेकांचं काम होतं. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. आपल्या बिल्डिंगांमध्ये तो रोग जास्त.

उरलेल्या पैशांत स्पीकर बदला. किंवा फुकटात ते भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, जाड पडदे लावा, खाली सतरंजी टाका. मोजायचा माइक घ्या, आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि खोलीचा आलेख स्वतः काढून बघा. इंजिनिअर आहात ना? आणि डिसेंबरात सवाईचं तिकीट काढा.

एवढं सांगूनही नवा डबा घ्यायचाच असेल, तर एक टेस्ट करा. परत करायची मुदत असते तेवढ्यात. टेस्ट टोन लावून, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर धरून, दोन्ही डॅकचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. मित्राला नाणं उडवून तारा बदलायला सांगा, तुम्ही बघायचं नाही. सोळा वेळा. निदान बारा वेळा बरोबर ओळखलंत तर डबा ठेवा, मी गप्प बसतो. नाही ओळखलात तर कुरिअरवाल्याला फोन करा.

आणि यापुढे कुणी "पडदा बाजूला सरला" म्हणालं, की त्याला एवढंच विचारायचं: किती डेसिबलला जुळवून, किती वेळा, आणि डोळे झाकून ना?