रोमचे प्रजासत्ताक कोणी बुडवले?

रोमच्या प्रजासत्ताकाच्या अंताची एक ठरावीक मीमांसा केली जाते. इ. स. पू. १०७ मध्ये मारियसने निर्धनांना सैन्यात प्रवेश दिला. त्या भुकेल्यांनी राज्याशी असलेली निष्ठा विकून सेनापतींचे पाय धरले आणि प्रजासत्ताक कोसळले! दोष दरिद्री माणसाच्या लोभाचा. हे निदान मोठे सोयीचे आहे, कारण त्यात सिनेटची निर्दोष सुटका होते.

वस्तुस्थिती निराळी आहे. रोमचा जुना सैनिक मुख्यतः शेतकरी होता. मालमत्ता असणाऱ्यालाच सैन्यात स्थान असे. तो परमुलखांत लढत राहिला आणि इकडे इटलीतील सार्वजनिक जमिनी धनिकांच्या घशात गेल्या. त्यांवर युद्धात पकडलेले गुलाम राबू लागले. इ. स. पू. १३३ मध्ये सामान्य जनांचा निर्वाचित प्रतिनिधी टायबेरियस ग्राकस याने अशा जमिनीच्या कब्जावर ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे ३१० एकरांची मर्यादा घातली. मर्यादा नवी नव्हती. ती पाळली जावी एवढाच त्याचा आग्रह होता. सिनेटरांनी व त्यांच्या अनुयायांनी त्याला सोट्यांनी ठेचून मारले. इ. स. पू. १२१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस याचाही बळी घेतला गेला. कायद्याच्या मार्गाने जमीन मागणाऱ्यांची ही गत. मग भूमिहीनाने दाद मागावी तरी कोठे?

इ. स. पू. ८८ मध्ये सुल्ला आपले सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून गेला, तेव्हा बहुतेक अधिकाऱ्यांनी त्याची साथ सोडली. शिपायांनी सोडली नाही. पूर्वेकडील मोहिमेतील लूट हातची जाईल, ही त्यांना भीती होती. हा लोभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु परमुलखांची लूट हा रोमच्या राज्यकर्त्यांचा नित्याचा व्यवसायच होता; शिपाई त्यांच्याच शाळेत शिकला होता.

यातून सिनेटने काही धडा घेतला काय? इ. स. पू. ६२ मध्ये पाँपी पूर्वेकडून परतला व त्याने आपले सैन्य विसर्जित केले. त्याच्या सैनिकांना जमीन देण्याचा प्रश्न सिनेटने तरीही रखडत ठेवला. अखेर इ. स. पू. ५९ मध्ये सीझरने दांडगाईने कायदा संमत करून घेतला. जमीन प्रजासत्ताक देत नाही, सेनापती देतो, हे सैनिकाला सिनेटनेच शिकवले.

या हट्टाची किंमत धनिकांपेक्षा दुबळ्यांनी अधिक मोजली. इ. स. पू. ४२ च्या फिलिपाय येथील लढाईनंतर सैनिकांना वसवण्यासाठी इटलीतील अठरा नगरांच्या जमिनी नेमून देण्यात आल्या. एका निर्वासित शेतकऱ्याचे घर भरण्यासाठी दुसरा शेतकरी निर्वासित झाला.

पुढे इ. स. ६ मध्ये ऑगस्टसने सैनिकांच्या निवृत्तीसाठी स्वतंत्र कोष उभारला आणि त्यासाठी वारसाहक्कावर पाच टक्के कर बसवला. धनिक कुरकुरले, पण कर भरू लागले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. देण्याची इच्छा नव्हती. स्वतंत्र असताना जे न्याय म्हणून द्यावयाचे नाकारले, तेच त्यांना एका धन्याच्या हुकमाने द्यावे लागले, आणि स्वातंत्र्य गमावले ते वेगळेच.

प्रजासत्ताकाचा घात निर्धनांच्या हाती तलवार दिल्याने झाला नाही. त्यांच्या हाती नांगर राहू न दिल्याने झाला.